सिद्धाचलमच्या वाटेवरील पेट्रोलपंप

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ब्लेअर्सटाऊनजवळ सिद्धाचलम हे तीर्थ आहे. आचार्य सुशीलकुमारजींनी 1983 साली त्याची स्थापना केली. एडिसनच्या भारतीय वस्तीतून तेथे मोटारीने जाण्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. वाटेत बड्या कंपन्यांच्या पंपांबरोबरच अपरिचित नावांचे लहान पंपही दिसतात. या राज्यात 1949 च्या कायद्यामुळे ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरावयाचे नसते. सेवकच भरून देतो. लहान पंपावरील दर पुष्कळदा कमी असतो आणि प्रवाशाच्या मनात शंका येते : स्वस्त म्हणजे भेसळीचे तर नव्हे?

तेथील व्यवहार पाहिल्यास ही शंका बरीचशी फिटते. टेक्सासच्या किनाऱ्याकडून येणारी कोलोनियल पाइपलाइन एडिसनपासून जवळच्या लिंडन येथे संपते. तिच्यातून निरनिराळ्या कंपन्यांचे एकाच प्रतीचे पेट्रोल एकत्रच वाहते. नामांकित पंपाचा व लहान पंपाचा टँकर पुष्कळदा एकाच आगारात भरतो. भेद पडतो तो तेथे मिसळल्या जाणाऱ्या, इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांमुळे. त्यांचे किमान प्रमाण 1995 पासून सरकारने बंधनकारक केले. 2004 मध्ये काही मोटार उत्पादकांनी ‘टॉप टिअर’ हा अधिक कडक दर्जा ठरविला. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या 2016 च्या चाचणीत, हा दर्जा नसलेल्या पेट्रोलामुळे इंजिनात सरासरी 19 पट अधिक साका साचल्याचे आढळले. मात्र हा दर्जा केवळ तेल कंपन्यांची मिरास नाही. कॉस्टको या घाऊक दुकानाचे पेट्रोलही त्यात बसते.

उरतो प्रश्न पंपमालकाच्या निगराणीचा. जमिनीखालील टाकीत पाणी शिरले, तर उत्तम पेट्रोलही बिघडते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलात ते पाणी इथेनॉलला ओढून तळाशी बसते. म्हणून प्रवाशाने यंत्रावरील वजनमाप खात्याची मोहोर पाहावी, वर्दळीचा व स्वच्छ पंप निवडावा आणि पावती जपून ठेवावी. आपल्याकडे बहुतेक पंपांवर मोठ्या कंपनीचीच पाटी असते. तरीही गाळणकागदाची चाचणी व पाच लिटरचे माप मागण्याची सोय ग्राहकासाठी ठेवलेली आहे.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे खोटे माप आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे भेसळ, हे दोन्ही सांगितले आहेत. पेढी चालविणाऱ्या आपल्या घरांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. लहान दुकानदाराकडे केवळ पाटी अपरिचित म्हणून संशयाने पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याचे माप व माल पारखून घेणे मात्र दोघांच्याही हिताचे आहे.