पावसाची वही

नालासोपाऱ्यातल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवते. सहावीला ‘हवा व हवामान’ असा धडा आहे. हवा म्हणजे आजची स्थिती, हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात, विसरतात. त्यांचा तरी काय दोष? बातम्यांमध्ये ‘आजचं हवामान’ म्हणतात आणि आपण पुस्तकातून उलटं शिकवतो.

म्हणून चार पावसाळ्यांपूर्वी वर्गात एक उद्योग सुरू केला. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे नरसाळं होतं. तळाशी खडे टाकायचे. बाटली जिथून सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून शून्याची खूण करायची आणि बाजूला पट्टी चिकटवायची. झालं पर्जन्यमापक! रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

पहिल्या वर्षी मीच चूक केली. बाटली भिंतीला लागून ठेवली. पागोळ्यांचं पाणी पडून आकडा भलताच फुगला. एका मुलानेच विचारलं, “बाई, हा आभाळाचा पाऊस की पत्र्याचा?” दुसऱ्या दिवशी बाटली मोकळ्या पटांगणात गेली.

मग गणितं सुरू झाली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीनशे चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस पडला की त्या एका छपरावर २,८०० लिटर पाणी! ज्यांच्या घरी मे महिन्यात टँकरसाठी रांग लागते, ती मुलं हा आकडा बघून गप्पच झाली.

पण वहीतली खरी गोष्ट मला उशिरा दिसली. महिनाअखेरीला सरासरी काढायला बसलो तर काही रकाने कोरे. विचारलं तर म्हणाली, “त्या दिवशी रेड अलर्ट होता ना, सुट्टी होती.” म्हणजे सगळ्यात जास्त पाऊस पडला तेच दिवस आमच्या वहीत नव्हते! सुट्टी योग्यच होती, मुलांचा जीव वहीपेक्षा मोठा. पण सरासरी खोटी निघत होती. तेव्हापासून काही मुलं घराजवळही बाटली ठेवतात. घराबाहेर पडणं सुरक्षित असेल तरच वाचन, हा पहिला नियम.

गेल्या वर्षी जुलैत दोन मुलांची वाचनं समोरासमोर आली. एक मुलगा रस्त्याला लागून असलेल्या उंचावरच्या इमारतीत राहतो, एक मुलगी खोलगट भागातल्या चाळीत. अंतर दहा मिनिटांचं. दोघांच्या बाटल्यांत चार मिलिमीटरचाही फरक नव्हता. पण मुलीने खाली वेगळी ओळ लिहिली होती : “घरातलं पाणी – मोठी पट्टी दीड वेळा लागली.” तीस सेंटिमीटरची पट्टी. म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर पाणी.

वर्गात कुणी काही बोलेना. मग तीच म्हणाली, “बाई, पाऊस सारखाच पडला. मग पाणी आमच्याकडेच का?”

याचं उत्तर सहावीच्या धड्यात नाही.

पाऊस नेहमी सारखा पडतो असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा कुलाब्याला शंभरही नव्हता. जुलै २०१८ मध्ये इथे रुळांवर पाणी आलं, लोकल बंद पडल्या, मिठागरांतली माणसं अडकली, ते आपण विसरलेलो नाही. पण पाऊस तोच आणि पाणी वेगळं, असं जेव्हा होतं तेव्हा आभाळाकडे बोट दाखवून चालत नाही. नाले, भराव, बुजवलेल्या खाजणजमिनी, खाडीच्या वाटेवर उठलेल्या इमारती यांच्याकडे बघावं लागतं.

“हे हवामान बदलामुळे झालं का?” असंही मुलं विचारतात. मी खरं तेच सांगते. एका दिवसाच्या पावसावरून ते ठरत नाही, त्याला तीस-तीस वर्षांच्या नोंदी लागतात. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मोठ्या सरी आणखी मोठ्या होण्याचा धोका वाढतो. पण पाणी जायची वाट आपण बंद केली असेल, तर तो दोष बाष्पाचा नाही.

आमची वही घेऊन एका कार्यालयात गेले होते. “मॅडम, बाटलीचे आकडे अधिकृत नसतात,” असं उत्तर मिळालं. मान्य. पण भिंतीवरचा ओला पट्टा तर खरा आहे ना?

म्हणून एवढंच मागणं. वसई-विरारच्या प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक असू द्या. आणि दर पावसाळ्यात प्रत्येक वस्तीत पाणी कुठवर चढलं त्याची खूण भिंतीवर रंगाने, वर्ष घालून करा. तोवर तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, तर एक बाटली कापा आणि एक वही उघडा.

त्या मुलीला मी अजून पूर्ण उत्तर दिलेलं नाही. ते एकट्या बाईने देण्यासारखं नाहीच.