सोलापूरचा रात्रपाहुणा

सोलापूर म्हणजे चादरी आणि शेंगांची चटणी, एवढेच मला ठाऊक. गेल्या खेपेस तिथे स्नेह्यांकडे उतरलो. जमिनीवर चादरी अंथरून निजानीज झाली, तोच वहिनी ओरडल्या, "मण्यार!" यजमानांनी काठी उचलली. आजोबांनी लांबूनच विजेरी रोखली.

"थांब! पट्टे मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. हा कवड्या. बिनविषारी, रात्री पाली खातो. मण्यारीचे पट्टे जोडीजोडीने, अन् शेपटीकडे ठळक."

कवड्या भिंतीवरून आपणच निघून गेला. पण मण्यारही निशाचरच! तिचा दंश फारसा दुखतही नाही. निजलेला माणूस झोपेतच दगावू शकतो. त्याच रात्री मुले खाटेवर गेली, मच्छरदाणी लागली. आणि चादर? ती पांघरायला!