बळ घ्यायचं, घोडा द्यायचा : उज्जैनची पंचक्रोशी

उज्जैनच्या पटनी बाजारात, गोपाळ मंदिरापासून जवळच, नागचंद्रेश्वराचं देऊळ आहे. महाकालाच्या मंदिरात वरच्या मजल्यावर असलेला आणि फक्त नागपंचमीला उघडणारा नागचंद्रेश्वर तो वेगळा. हा बाजारातला. एरवी खरेदीला आलेली माणसं जाता जाता हात जोडतात, तेवढंच. पण दरवर्षी ऐन उन्हाळ्यात इथे अचानक माणसांचा लोंढा येतो. डोक्यावर गाठोडं, पायात साधी चप्पल किंवा तीही नाही. ही माणसं देवाला नारळ वाहतात आणि त्याच्याकडे बळ मागून घेतात. पाच दिवसांत ११८ किलोमीटर चालून परत येतात, मातीचा एक लहानसा घोडा देवापुढे ठेवतात आणि घेतलेलं बळ परत करतात.

ही पंचक्रोशी यात्रा. मधले पाच दिवस राहणं उघड्यावर, झोपणं झाडाखाली आणि जेवण म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात स्वतः भाजलेल्या बाट्या.

तिथीचा घोळ आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्या कालनिर्णयात बघून निघालात तर पंचाईत होईल. ही यात्रा वैशाख वद्य दशमी ते अमावास्या असते असं उज्जैनला कुणीही सांगेल. पण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा वैशाख वद्य म्हणजे आपला चैत्र वद्य. २०२५ मध्ये ही यात्रा २३ ते २७ एप्रिल अशी आली, बुधवार ते रविवार. तीन दिवसांची रजा टाकून आम्ही चौघं कॉलेजमित्र गेलो होतो.

चौघं म्हणजे मी पुणेकर, एक अकोलेकर, एक जळगावकर आणि ज्याच्या घरी उतरलो तो उज्जैनकर. त्याचं घराणं सात पिढ्यांपासून उज्जैनचं. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्याआधी इथेच होती. महाकालाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं आणि गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधवलं. त्यामुळे जुन्या उज्जैनमध्ये मराठी ऐकू आली तर नवल नाही. फक्त ती मराठी मधूनच हिंदीच्या गल्लीत शिरते आणि गूळपोळी खाऊन परत येते, असं आमचा अकोलेकर म्हणतो.

आमच्याबरोबर पाचव्या होत्या मित्राच्या आई, आमच्या काकू. वय चौसष्ट, उजवा गुडघा कुरकुरणारा. खरं तर आम्ही त्यांच्याबरोबर होतो असंच म्हणायला हवं. काका आणि काकू दोघं मिळून बरीच वर्षं ही यात्रा करत. २०२३ मध्ये दुसऱ्याच मुक्कामावर काकांची तब्येत बिघडली, त्यांना गाडीत घालून घरी आणावं लागलं. त्यानंतर काही महिन्यांत ते गेले. पुढच्या वर्षी काकूंचं निघणं झालं नाही. यंदा मात्र त्या ठाम होत्या. "यांनी बळ घेतलं होतं रे, पण घोडा द्यायचा राहून गेला. ते देणं मला फेडायचंय," एवढंच त्या म्हणाल्या. मित्राला आईला एकटं सोडायचं नव्हतं आणि नको म्हणायची हिंमतही नव्हती. म्हणून त्याने आम्हाला फोन केला.

यात्रेचा नकाशा समजायला सोपा आहे. मध्यभागी महाकाल आणि चार दिशांना त्याचे चार द्वारपाल : पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर आणि उत्तरेला दर्दुरेश्वर. उज्जैनच्या चौऱ्यांशी महादेवांच्या यादीतले हे शेवटचे चार. या चौघांना प्रदक्षिणा घालत शहराभोवती मोठं वर्तुळ पूर्ण करायचं. मुक्कामाला तिकडे पडाव म्हणतात. पिंगलेश्वर, करोहन, नलवा, अंबोदिया, कालियादेह, जैथल, उंडासा आणि परत उज्जैन.

पहिला टप्पा बारा किलोमीटरचा. पहाटे बळ घेऊन निघालो आणि ऊन चढायच्या आत पिंगलेश्वराला पोचलो. आम्ही सह्याद्रीत भटकणारी मंडळी, त्यामुळे तंबू हा विषय निघालाच होता. काकूंनी तो एका वाक्यात मिटवला : "दिवसा तंबूत बसाल तर बाटीसारखे भाजाल." पडावावर तंबू कुणीच लावत नाही. दोन झाडांना दोरी बांधायची, तिच्यावर जुनी साडी टाकायची, खाली चादर. झालं घर. प्रशासनाचे मांडव असतात, पाण्याचे टँकर असतात, दवाखान्याचा तंबू असतो. पण जाणती माणसं आधी लिंबाचं किंवा आंब्याचं झाड गाठतात. काकूंचं झाड ठरलेलं होतं. त्या झाडाखाली शाजापूरकडचं एक कुटुंब आधीच बसलं होतं. काकूंना बघताच त्यांतल्या आजी सरकल्या आणि जागा करून दिली. काका कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. काकूंच्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा लोटा पुढे केला.

मग सुरू झाला स्वयंपाक. आसपास जिकडे बघावं तिकडे धूर. शेकडो घरं आणि प्रत्येक घराची चूल वेगळी. कणीक रवाळ, गव्हाची, त्यात मूठभर मक्याचं पीठ, ओवा, मीठ आणि तुपाचं मोहन. घट्ट मळून मोठ्या लिंबाएवढे गोळे करायचे. गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्यांना तिकडे कंडे म्हणतात. खरी परीक्षा इथून पुढे. ज्वाळा असताना बाटी टाकली तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. धूर पूर्ण जाऊन लालबुंद निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर येईपर्यंत थांबायचं. भुकेल्या पोटाने वाट बघत आम्ही तिघं सारखे वाकून बघत होतो. आजी हसून म्हणाल्या, "बाटी में उतावल नी चाले, बेटा." निखारे पसरून गोळे ठेवायचे, फिरवत राहायचे, मग गरम राखेतच गाडून टाकायचे. बाटीला तडा गेला की ती झाली. जाड फडक्यात घालून झटकायची म्हणजे राख निघून जाते. मग फोडायची आणि तुपात बुडवायची. तीन दगडांच्या चुलीवर तोवर डाळ शिजलेली असते. कांदा नाही, लसूण नाही, हिंग-जिऱ्याची फोडणी आणि वर लिंबू. बेचाळीस अंशांच्या उन्हात, झाडाखाली, पत्रावळीवर ते जेवण कसं लागतं ते लिहून कळणार नाही.

पहिला घास पोटात गेल्यावर वाद सुरू झाला, तो यात्रा संपेपर्यंत चालला. जळगावकराच्या मते हा त्यांचाच पदार्थ. खानदेशात वरण-बट्टी असते. तिथे कणकेचे गोळे आधी उकडतात, मग कापून तळतात किंवा भाजतात, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. अकोलेकर म्हणे, वऱ्हाडातल्या रोडग्यापुढे सगळं फिकं. रोडग्यात कणकेचे थर एकात एक बसवतात आणि शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजतात. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला ज्याचा नवस बोलते, तो हाच रोडगा. आणि उज्जैनकर म्हणे, घरी आम्ही बाफले करतो, आधी पाण्यात उकळून मग भाजलेले, त्यामुळे बाटीपेक्षा मऊ. पण वाटेवर बाटीच बरी, तिला पाणी कमी लागतं. हे शेवटचं मला पटलं. राजस्थानच्या वाळवंटापासून माळव्यापर्यंत आणि तिथून तापीकाठ, वऱ्हाडापर्यंत हा एकच पदार्थ नावं बदलत आला आहे. पोळपाट नको, तवा नको, पाणी थोडं, जळण शेणाचं, आणि भाजलेली बाटी फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवशीही खाता येते. ही चालणाऱ्या माणसाची भाकरी आहे.

दुसरा टप्पा तेवीस किलोमीटरचा, करोहनपर्यंत. सगळी यात्रा रात्री चालते. दोन वाजता उठायचं आणि चांदण्यांच्या उजेडात निघायचं, कारण वद्य पक्षातला चंद्र उशिरा उगवतो आणि रोज आणखी बारीक होतो. त्या दिवशी एकादशी. बाटीला सुट्टी. निखारे मात्र पेटलेच. त्यात बटाटे भाजले, शेजारी साबुदाण्याची खिचडी. माळव्यात खिचडीवरही उपासाचं फरसाण भुरभुरतात, त्यावर मी पुणेकर म्हणून निषेध नोंदवला आणि दोनदा वाढून घेतली.

करोहनला काकू फारसं बोलल्या नाहीत. काका इथूनच परत गेले होते. जेवण झाल्यावर त्या एकट्याच देवळात गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. रात्री निघताना मुलाला म्हणाल्या, "इथून पुढचं त्यांचं." तेव्हापासून आम्ही चौघं आळीपाळीने त्यांच्या बाजूने चाललो. सॉफ्टवेअरवाल्यांना काम वाटून घ्यायची सवय असते, ती अशी उपयोगी पडली. एकाने पाणी सांभाळायचं, एकाने गाठोडं, एकाने पुढे जाऊन झाड धरायचं आणि मुलाने आईबरोबर चालायचं.

नलव्याहून अंबोदियाला संध्याकाळी पोचलो. गंभीर नदीवरचं धरण इथेच आहे, उज्जैनच्या नळाला येणारं पाणी इथलं. त्या रात्री काकूंचा गुडघा सुजला. पुढचा टप्पा एकवीस किलोमीटरचा, कालियादेहपर्यंत. मित्राने गाडी मागवायला फोन काढला. काकू म्हणाल्या, गाडी नको. अर्धा तास दोघांचं चाललं होतं. "आई, तू ऐकत का नाहीस?" आणि "तू तुझं चाल." शेवटी शाजापूरच्या आजींनी त्यांच्या गावच्या ट्रॅक्टरला थांबवलं. ट्रॉलीत सामान होतं, आणखी दोन म्हाताऱ्या होत्या. काकू निमूट चढल्या. मित्र चक्रावला, "मग गाडी का नको होती?" काकू वरूनच म्हणाल्या, "गाडी तू आणतोस. हा ट्रॅक्टर यात्रेतला आहे. देवानं बळ दिलंय तसा हाही त्यानंच दिला."

मला हे उत्तर विसरता येत नाही. पंचक्रोशीत कुणी पाहुणा नसतो. प्रत्येक जण आपलं पीठ आणतो, आपली चूल मांडतो. पण निखारा शेजाऱ्याचा चालतो, मीठ पलीकडच्याचं, झाड सगळ्यांचं. वाटेवरच्या गावांतले लोक ताक घेऊन उभे असतात, कुणी गोवऱ्या देतं, कुणी विहिरीवर पाणी शेंदून घालतं. ठिकठिकाणी भंडारेही लागतात. तयार पुरी-भाजी घेऊन पुढे जाणारे तरुण आता बरेच दिसतात आणि त्यात काही वाईट नाही. तरी ज्या झाडाखाली चूल पेटते तिथेच माणसं एकमेकांची चौकशी करतात, हे आम्ही पाच दिवस पाहिलं. बाटी भाजायला लागणारा तास-दीड तास हाच ओळखीचा वेळ.

कालियादेहला क्षिप्रेच्या पात्रात जुना महाल आहे. माळव्याच्या सुलतानांनी पंधराव्या शतकात बांधलेला, पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केलेला. शेजारी बावन कुंड. काकू तिथे पाय पाण्यात सोडून बसल्या, दुपारभर विश्रांती घेतली आणि संध्याकाळी जैथलचे सात किलोमीटर स्वतः चालल्या. शेवटच्या रात्री सोळा किलोमीटर उंडाशाचा तलाव, तिथे स्नान, आणि मग शेवटचे बारा. ते बारा त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. दर अर्ध्या तासाला बसत होत्या, पण उठायला कुणाचा हात घेतला नाही.

अमावास्येला पटनी बाजार मातीच्या घोड्यांनी भरलेला असतो. काकूंनी दोन घोडे घेतले. एक स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवला. दुसरा मुलाच्या हातात दिला. त्याने तो ठेवला, वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ मान वर केली नाही. आम्ही तिघं बाहेर चपलांपाशी थांबलो. तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि विचारलं, "घरी बाफले करू की तुम्हाला पोहे हवेत?"

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. इंदूरपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून उज्जैन साधारण पंचावन्न किलोमीटर. सामान कमी ठेवा : दोन चादरी, दोरी, एक पातेलं, विजेरी, टोपी, मिठा-साखरेच्या पाण्याची पुडी, पायाला फोड आल्यास पट्ट्या. पीठ आणि डाळ उज्जैनलाच घ्या, गोवऱ्या वाटेत मिळतात. पाचही दिवस जमत नसेल तर पहिला पिंगलेश्वराचा टप्पा मुलांनाही झेपण्यासारखा आहे, पण पहाटेच निघा. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, तेव्हा शहरात गर्दी फार असेल. निवांत चालायचं असेल तर त्याआधी जाऊन या. आणि झाडाखाली जागा मिळाली की आधी शेजारच्या आजींना विचारा, निखारा आहे का.