रंगमंच आणि वाचनपीठ

आपटा हे गाव बहुतेकांना ठाऊक आहे ते एका चित्रपटामुळे. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या अखेरीस जी गाडी सुटते, ती आमच्या स्थानकातून. कोणी पाहुणे आले की देवळाची वाट विचारण्याआधी ते फलाटाची वाट विचारतात. आम्ही त्यांना फलाट दाखवतो, छायाचित्रेही काढून देतो. पाताळगंगेच्या काठी वसलेल्या या गावापर्यंत लोहमार्ग आला तो १९६० च्या दशकात. तो रोह्यापर्यंत पुढे गेला १९८६ मध्ये. मधली वीसएक वर्षे आपटा हे शेवटचे स्थानक होते. आजही येथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. चित्रपटाच्या नकाशावर मिरवणाऱ्या या गावात नाटक पाहावयाचे झाले तर मात्र पनवेल गाठावे लागते, आणि तिकीट काढण्याआधी परतीची सोय पाहावी लागते.

गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत आम्ही ही ये-जा पुष्कळ केली. हौशी मंडळींचे प्रयोग, महाविद्यालयीन एकांकिका, शाळेच्या सभागृहात झालेली अभिवाचने, जत्रेच्या मांडवात आगरी बोलीत रंगलेले एक धमाल नाटक, असे सारे मिळून सतरा कार्यक्रम आमच्या दैनंदिनीत नोंदलेले आहेत. धर्मगुरूने इतकी नाटके पाहावीत काय, असे एका आजींनी आम्हांस विचारले. त्यांना आम्ही चहा दिला आणि कारण सांगितले. ते कारण येथेही सांगणे आवश्यक आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी पनवेलच्या महाविद्यालयात शिकते. रविवारी मिस्साबलिदानात दुसरे वाचन बहुधा तिच्याकडेच असते. गेल्या जूनमध्ये तिचे आईवडील आमच्याकडे आले. वडील रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. बोलल्या त्या आईच. “फादर, तुम्हीच तिला दोन शब्द सांगा. नाटकात काम करतेय, तेही कसलं! लग्नाआधी दिवस गेलेल्या बाईचं. उद्या हिला कोण स्थळ सांगून येईल?” नाटक होते विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, आणि मुलीच्या वाट्याला आलेली भूमिका लीला बेणारेची.

दोन शब्द सांगण्याआधी नाटक ऐकावे, असे आम्ही ठरवले. मंडळींचे वाचन एका शाळेच्या वर्गात चालले होते. बाहेर धो धो पाऊस, आत लहान मुलांच्या बाकांवर अडकून बसलेली मोठी माणसे, प्रत्येकाच्या हाती झेरॉक्सच्या प्रती. दिग्दर्शक दिवसा औषधांच्या दुकानात बसतात. त्यांनी आम्हांस पाहून क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो.

वाचकांपैकी अनेकांना हे नाटक नावानेच ठाऊक असेल. १९६७ साली ‘रंगायन’ने ते रंगभूमीवर आणले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एक हौशी नाटक मंडळी एका गावी प्रयोगासाठी आली आहे. गावकरी सामंताला अभिरूप न्यायालय म्हणजे काय ते समजावे म्हणून वेळ घालवण्यासाठी खोटा खटला भरवला जातो. आरोपी म्हणून उभी केली जाते मंडळींतलीच शिक्षिका बेणारे, आणि आरोप असतो भ्रूणहत्येचा. सारे हसत खेळत सुरू होते. पाहता पाहता खेळाचे दात दिसू लागतात. बेणारे खरोखरच गरोदर आहे हे उघड होते, आणि तिचे सहकारी तिच्या आयुष्याच्या चिंध्या करतात. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे तिच्यावर ही वेळ आली, ते शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाहीत. त्यांच्या नावाची रिकामी जागाच आम्हांस त्या वर्गात सर्वांत मोठी वाटली.

धर्मग्रामात कुजबुज होती की हे नाटक गर्भपाताचा पुरस्कार करते. ज्यांनी तसे म्हटले त्यांनी ते पाहिलेले नव्हते, इतकेच आम्ही नोंदवतो. नाटकात घडते ते नेमके उलटे आहे. बेणारेला मूल हवे आहे. त्याला बाप मिळावा, घर मिळावे, म्हणून ती एकेका पुरुषापुढे पदर पसरते आणि प्रत्येक जण अंग काढून घेतो. मग तेच सभ्य लोक नीतीचा कैवार घेऊन निवाडा देतात की पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालयच भ्रूणहत्येची शिक्षा फर्मावते! जीवनाच्या पावित्र्यावर आम्ही अनेक प्रवचने केली आहेत. हा विरोधाभास इतक्या धारेने त्यांत कधी उतरला नव्हता. योहानलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात ज्या स्त्रीला भर मंदिरात उभे केले जाते, तिच्याबरोबर सापडलेला पुरुषही कोठे दिसत नाही, हे त्या वर्गात बसल्या बसल्या आमच्या ध्यानी आले.

मुलीला दोन शब्द सांगण्याचा प्रश्न तेथेच संपला. आम्ही आईवडिलांकडे गेलो आणि त्यांनी प्रयोगाला यावे असे सुचवले. आईंनी मान हलवली. वडील खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्यानंतर एकाला दुसरे लागूनच आले. पनवेलच्या ज्या नाट्यगृहात आम्ही वरचेवर जाऊ लागलो, त्याला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. फडक्यांचे जन्मगाव शिरढोण येथून जवळच, आमच्या वाटेवरचेच. त्यांचा जन्मदिवस ४ नोव्हेंबर आणि दुसऱ्याच दिवशी मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले त्याच्या स्मरणार्थ. त्या सुमारास पनवेल परिसरात नाटकांची वर्दळ असते. पुढे हिवाळ्यात एकांकिका स्पर्धा लागतात. त्यांविषयी फार लिहीत नाही. तरुण मुलांचा आवेश मनाला भावला, पण अकरापैकी सात एकांकिकांत शेवटी कोणीतरी किंचाळते आणि अंधार होतो. आठव्या वेळी आम्ही किंकाळीच्या आधीच कानांवर हात ठेवले.

अभिवाचनांनी मात्र आम्हांस वेगळेच काही दिले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. दोन-चार खुर्च्या, हातात संहिता आणि आवाज. प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’चे वाचन दोघी जणींनी केले. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो. तिची जखम बरी होईपर्यंत साक्षात रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी राहते, अशी ही कथा. आवली देवाला धारेवर धरते आणि देवाची बायको ते ऐकत बसते. स्तोत्रसंहिता ज्यांनी नित्य म्हटली आहे त्यांना देवाशी भांडणे नवे नाही. तरी समोर काहीच नसताना त्या काट्याची कळ आम्हांस आमच्या पायात जाणवली. ‘नटसम्राट’मधल्या उताऱ्यांचे वाचन एका साठी उलटलेल्या गृहस्थांनी केले. ते मध्येच अडखळले, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू झाले. समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांची मुले आखाती देशांत किंवा कॅनडात आहेत. कोणीही खोकले नाही.

आवाजाच्या या नाट्याला आपल्या ख्रिस्तसभेत एक थोर साक्षीदार आहे. जर्मनांनी पोलंड व्यापले असताना १९४१ मध्ये क्राकुव शहरात म्येचिस्वाव कोत्लार्चिक यांनी एक गुप्त नाट्यमंडळ उभारले. जाहीर प्रयोग अशक्य, म्हणून ओळखीच्यांच्या दिवाणखान्यांत, बंद खिडक्यांआड, नेपथ्याविना पोलिश काव्य म्हटले जाई. पकडले गेले तर गाठ छळछावणीशी. त्या मंडळात कारोल वोयतिवा नावाचा एक तरुण कामगार होता. एकदा त्याचे पठण चालू असता रस्त्यावरच्या जर्मन ध्वनिवर्धकांनी विजयाच्या वार्तांचा गोंगाट मांडला. त्याने आवाज चढवला नाही आणि थांबलाही नाही. जणू बाहेर काही नाहीच अशा रीतीने तो पुढे म्हणत राहिला. पुढच्या वर्षी तो गुप्त सेमिनरीत दाखल झाला. जगाने त्याला पोप दुसरे जॉन पॉल म्हणून ओळखले. धर्मगुरू झाल्यावरही त्यांनी नाटके लिहिली, आणि १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले.

ख्रिस्तसभा आणि नाटक यांचे नाते सदैव असेच गोडीगुलाबीचे होते, असे मात्र नाही. इ. स. २०० च्या सुमारास तेर्तुलियनने नाट्यक्रीडांवर कडक ग्रंथ लिहिला. १६७३ साली पॅरिसमध्ये मोलिएर वारला तेव्हा त्याला रात्रीच्या अंधारात पुरावे लागले. आणि तरीही युरोपातल्या मध्ययुगीन नाटकाचे मूळ अभ्यासक शोधतात ते दहाव्या शतकातल्या मठांच्या ईस्टर उपासनेत, जेथे रिकाम्या कबरीपाशी आलेल्या स्त्रिया आणि देवदूत यांचा संवाद संन्यासी आपसांत वाटून म्हणू लागले. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. तेही मोठ्याने वाचण्यासाठी, गाण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. श्रावणात शेजारच्या आळीत पोथी लागते तेव्हा आम्हांस स्टीफन्स यांचे स्मरण होते. त्यांनी पोथी ऐकणाऱ्या लोकांचा कान ओळखला होता. मुंबईतील गोवेकरांनी १८९२ मध्ये पहिले तियात्र केले, हेही आमच्या गोमंतकीय कुटुंबांना अभिमानाने आठवते.

हे सारे डोक्यात घोळत असता रविवारी वाचनपीठाकडे आमचे लक्ष अधिक जाऊ लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला दार उघडले. शब्द आपल्या भाषेत आला, पण आम्ही तो वाचतो कसा? पाठवाचक घाईघाईने येतो, ध्वनिक्षेपकावर टकटक करतो, संत पौलाचे लांब वाक्य मधेच तोडतो आणि सुटका झाल्यासारखा जागेवर जातो. औषधांच्या दुकानातले दिग्दर्शक एका वाक्यावर वीस मिनिटे थांबलेले आम्ही पाहिले होते. म्हणून उपवासकाळात आम्ही त्यांना देवळात बोलावले. ते आस्तिक नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. चार शनिवार संध्याकाळी त्यांनी आमच्या पाठवाचकांना श्वास कोठे घ्यावा, नावे कशी उच्चारावी, आणि वाचून झाल्यावर लगेच का वळू नये, हे शिकवले. मानधन घेतले नाही. वसईची सुकेळी मात्र आनंदाने घेतली.

‘शांतता!’चा प्रयोग त्याआधीच, जानेवारीत झाला होता. सामंताचा हिरव्या कापडाचा पोपट निश्चल पडलेल्या बेणारेपाशी ठेवला गेला आणि पडदा पडला तेव्हा मुलीची आई आमच्या शेजारी बसून होत्या. बराच वेळ त्या उठल्या नाहीत. वडील आले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात दोन गृहस्थ आमच्याकडे आले आणि अशा मुलीला वाचनपीठावर उभे करू नये, असे त्यांनी सौम्य शब्दांत सुचवले. तिने रंगवली ती एका स्त्रीची वेदना, पाप नव्हे, असे आम्ही म्हणालो. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांपैकी एक गृहस्थ अद्याप दुसऱ्या देवळात मिस्साला जातात.

गुड फ्रायडेला योहानलिखित दुःखसहनाचा इतिहास आपण आवाज वाटून वाचतो: निवेदक, प्रभू आणि इतर. वर्षानुवर्षे निवेदन एक वृद्ध शिक्षक करीत. या वर्षी त्यांनी दृष्टी मंदावल्याचे सांगून स्वतःच त्या मुलीचे नाव पुढे केले. तिने वाचले ते शांतपणे, रंगमंचावरची एकही लकब न आणता. पिलाताच्या अंगणातील जमावाचा आवाज सर्व उपासकांनी मिळून द्यावयाचा असतो, आणि तो आमच्याकडे नेहमी पुटपुटल्यासारखा निघतो. या वेळी तो आला तो मागच्या रांगेतून, एका पुरुषाच्या भरदार आवाजात, मग इतरांच्या. तिने पानावरून नजर वर केली नाही. ज्यांना आम्ही कधी मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते, त्या तिच्या वडिलांचा तो आवाज होता.