शंभराचं पेट्रोल

आमच्या कामरगावकडे पंपावर जाऊन "दोन लिटर द्या" म्हणणारा विरळाच. "शंभराचं टाक" असंच म्हणायची रीत. भाव वाढला तरी नोट तीच राहते, टाकीत पडणारं पेट्रोल तेवढं कमी होतं. मग चौथ्या दिवशी येणारा गडी तिसऱ्याच दिवशी पुन्हा नोट काढून उभा!

बीएला अर्थशास्त्रात पाठ केलं होतं, भाव वाढला की मागणी घटते. पण दवाखाना, तहसील, बाजार समिती सगळं कारंज्याला, तिथं भाव बघून कोण घरी थांबेल? काटकसर होते, पण ती चपला-कपड्यांत, नाहीतर किराण्यात. पेट्रोल महागल्याची झळ आधी कापड दुकानदाराला लागते ती अशी.

"मामा, एसटीने जात जा ना," असं पुण्यातली भाचेमंडळी सांगतात. बरोबर आहे त्यांचं. पण २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता, हे ते विसरतात. त्याच काळात, २२ मार्च २०२२ पासून अवघ्या सोळा दिवसांत, पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी वाढलं. युक्रेनच्या युद्धाने कच्चं तेल भडकलं होतं, हे कारण खरंच होतं. पण जून २०१७ पासून पेट्रोलचा भाव रोज बदलायचं ठरलेलं असताना त्याआधीचे १३७ दिवस तो जागचा हलला नव्हता. मध्ये उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. बाजाराला निवडणुकीचं पंचांग कळतं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. असो.

खरी गंमत २०२० ची. सगळं जग घरात बसलेलं, कुणाला तेल नको. २० एप्रिलला अमेरिकेत मे महिन्याच्या सौद्यांचा भाव शून्याच्याही खाली गेला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवायला याहून चांगलं उदाहरण कोणत्या मास्तरला मिळेल? आपण त्या वेळी शंभरातलं पंच्याऐंशी कच्चं तेल बाहेरून आणत होतो, तेव्हा वाटलं होतं, आता इथंही उतरेल. पण मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे दहा रुपयांनी वाढवला आणि तो ३२ रुपये ९८ पैशांवर गेला. पंपावरचा भाव काही उतरला नाही. टाळेबंदीत सरकारचं उत्पन्न आटलं होतं, त्यांना पैसा हवा होता, हे समजतं. पण स्वस्ताईतला आमचा वाटा तिथंच अडला. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये दोन टप्प्यांत तो कर तेरा रुपयांनी उतरवला, तेही सांगितलं पाहिजे. तोवर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. आणि एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल घसरलं, तेव्हा पुन्हा दोन रुपये कर वाढला, पंपावरचा भाव तसाच.

आता आमच्या सोयाबीनकडे बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये विदर्भात भाव क्विंटलला दहा हजारांवर पोचला होता. कोंबडीखाद्यवाल्यांना परवडेना, म्हणून केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. त्यात नवा माल निघाला आणि दसऱ्यापर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात साडेचार हजारही मिळेनात. आमचा माल वाढला की भाव त्याच आठवड्यात पडतो. आणि तोच माल कारंज्याला न्यायचं भाडं मात्र डिझेल चढलं की चढतं. डिझेल उतरलं म्हणून टेम्पोवाल्याने भाडं उतरवल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. तो म्हणतो, "गुरुजी, टायर महागले ना!"