कात्रजचा नळ

रात्रीचे साडेअकरा. ताप उतरलाय, पण डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस घराबाहेर पडायचं नाही. आकडेमोड मात्र तिकडे पाषाणला, संगणकांच्या क्लस्टरवर अडकलेली.

म्हणून घरूनच जोडणी करायला बसलो. किल्ल्यांची जोडी बनवली. खासगी किल्ली माझ्याकडे, सार्वजनिक तिकडे. तिकडचा डेस्कटॉप इकडे दाखवणाऱ्या व्हीएनसीचं ५९०१ पोर्ट उघड्यावर टाकायचं नसतं, ते एसएसएचच्या सुरक्षित बोगद्यातून आणायचं. तासभर नुसता काळा पडदा. चूक माझीच. ५९१० टाइप केलं होतं.

बोगदा म्हटलं की मला कात्रज आठवतं. घाटातला नव्हे, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलावाचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आलं, तो नळ. वर माणसांची वर्दळ, खाली पाणी. मधेमधे हवेचे उच्छ्वास, तेवढाच त्याचा पत्ता.

मग पडदा उजळला. माउस हलवला की बाण क्षणभर थांबून निघतो, जणू तिकडे कुणीतरी आधी ऐकून घेतंय. क्लस्टरच्या त्या थंडगार खोलीत आत्ता कुणी नसणार. मॉनिटरसुद्धा नाही. मग मी बघतोय तो डेस्कटॉप नक्की आहे कुठे?

"झोपला नाहीस अजून?" आई दारातून.

खिडकी बंद केली. आकडेमोड तिकडे चालूच.