पट्टा की लाठी?

सोलापुरातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा निघाला की टाळ्याच टाळ्या! लाठीवाल्याकडे बघतंय कोण? २०२४ साली पट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्रही झाला. छानच. पण आम्ही पडलो मेकॅनिकलवाले, आधी मूठ बघणार!

पट्ट्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी मुठीत अडकतो. मनगट लॉक! मग वार खांद्यातून न् कमरेतून. पातं लांब, लवचीक. एकदा वेग घेतला की मधेच आवरणं कठीण. लाठीत मनगट मोकळं, पकड सरकवता येते, दोन्ही टोकं कामाची, आणि हात मधेच थांबवता येतो.

फिलिपिन्सच्या अर्निसमध्ये (२००९ पासून तिथला राष्ट्रीय खेळ) काठीचे हात तेच पात्याचे हात. आपलं तसं नाही. लाठीवर बसलेला हात पट्ट्यात घातला की पुन्हा श्रीगणेशा.

सबमिशन सांभाळून मला एकच शिकता येणार. मी लाठी घेतलीय. रात्री घरी यायला उशीर होतो तेव्हा पट्टा काय सोबत असणारे? शिवाय समोरच्याला न लागू देता हात थांबवणं मला जास्त अवघड वाटतं, आणि तेच शिकायचंय. मैत्रिणी म्हणतात, "टाळ्या गेल्या की गं!" जाऊ देत. आईची अट एकच: सराव गच्चीवर, घरातला पंखा वाचला पाहिजे.